कणीक काढलीस का?

"कनीक काढलीस का रं?"

हा प्रश्न मला चौतीस वर्षं विचारला गेला. रेवसच्या धक्क्यावर, लग्नांत, मयतांना, एसटीच्या थांब्यावर, एकदा तर दवाखान्यात, तोंडात थर्मामीटर असताना. विचारणारा माणूस एकच. विचारताना तो उजव्या हाताचा अंगठा डाव्या तळहातावर खरवडल्यासारखा फिरवायचा, म्हणजे ज्यांना ऐकू आलं नसेल त्यांनाही दिसावं. मग माझं तिकीट फाडायचा, अर्धं परत द्यायचा आणि माझ्या मागच्या माणसाला म्हणायचा, "चला, पाय उचला."

त्याचं नाव मी लिहिणार नाही. तो रेवसच्या धक्क्यावर लाँचची तिकिटं फाडायचा, दोर बांधायचा, आणि आमच्या गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवायचा. माझ्या वडिलांच्या वयाचा, म्हणजे खरं तर 'ते' लिहायला हवं. पण मनातल्या मनात मी त्याला कधी अहो-जाहो केलेलं नाही, आणि आता तो नाही म्हणून एकाएकी आदर उफाळून आल्याचं नाटक मला जमणार नाही. गेलेल्या माणसाविषयी चांगलंच बोलावं म्हणतात. ज्यांना बोलायचं होतं ते त्याच्या तेराव्याला बोलले.

भजन जवळून पाहिलेल्यांना कणकेचं काय ते सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. पखवाजाच्या डाव्या पुडीवर, म्हणजे त्या बाजूच्या कातड्यावर, वाजवण्याआधी मळलेली कणीक थापतात. त्यानं आवाज खोल जातो आणि ऐकणाऱ्याच्या छातीत घुमतो. भजन संपलं की ती कणीक खरवडून काढायची आणि ओल्या फडक्यानं पुडी पुसून घ्यायची. राहिली तर वाळते, कातडं ओढून धरते, आणि वासावर उंदीर येतात. आमचं गाव भाताचं. गव्हाचं पीठ तेव्हा घरात सणालाच यायचं, त्यामुळे उंदरांनाही त्याचं अप्रूप होतं.

मी नऊ वर्षांचा असताना रॉकेलचा रिकामा डबा बडवत ओट्यावर बसायचो. तो आमच्यापासून तीन घरं सोडून राहायचा. एक दिवस धक्क्यावरून परत येताना थांबला, थोडा वेळ ऐकलं, आणि आत येऊन माझ्या वडिलांना म्हणाला, "डबा फुटंल. त्यापरीस हा पोरगा मना दे." वडील आणि तो लहानपणापासूनचे दोस्त. वडील हसले, म्हणाले, "ने." दोन शेजाऱ्यांनी कोंबडीच्या पिल्लाची देवघेव करावी तसं माझं शिक्षण ठरलं.

पहिले सहा महिने त्यानं मला पखवाजाला हातही लावू दिला नाही. फक्त कणीक मळायची. मळून झाली की तो आधी स्वतःच्या कानाची पाळी दाबून बघायचा, मग कणीक दाबायचा. पाळीइतकी मऊ असली तर ठीक. नसली तर माझ्या कानाची पाळी धरायचा, आणि ती तो दाबायचा नाही, पिळायचा. "ही बग, अशी पायजे." मी शाळेत एक कान लाल घेऊन जायचो. मुलं विचारायची, कोणत्या मास्तरांनी पिळला. मी म्हणायचो, पखवाजाच्या.

मग मांडीवर बोल वाजवायचे. उजवा हात माझा चटकन बसला, डावा काही केल्या ऐकेना. तो माझ्या डाव्या मनगटावर टिचकी मारून म्हणायचा, "हा जेवायला बसत न्हाय, म्हनून आळशी झालाय." मला काही दिवस त्यानं खरोखर डाव्या हातानं जेवायला लावलं. आईनं त्याच्या दारात जाऊन भांडण काढलं तेव्हा तो थांबला. पण तोवर हात सुटला होता.

एक गोष्ट मी इथे सांगून टाकतो, कारण माझ्याशिवाय ती आता कोणी सांगणार नाही. मी चांगला वाजवायचो. अकराव्या वर्षी मी सप्ताहात दुपारच्या पहाऱ्याला धुमाळीचा ठेका वाजवला, आणि झोपेला आलेले म्हातारे सरळ बसले. गाणाऱ्या बुवांनी मागे वळून पाहिलं. सगळ्यांनी पाठ थोपटली. तो तेवढा म्हणाला, "चौथ्या अभंगाला पळालास. कोन मागं लागला होता?" असा माणूस. त्याच्या तोंडून 'बरं वाजवलंस' एवढे दोन शब्द मी कधी ऐकले नाहीत. तुम्हीही असे लोक पाहिले असतील. त्यांच्या मनात कौतुक असतं म्हणतात. असेल बुवा. मनातलं मला काय दिसणार?

मी तेरा वर्षांचा असताना आमच्या देवळात डबल बारी ठरली. म्हणजे दोन गावांची मंडळं समोरासमोर बसणार आणि गाण्याला गाणं देणार. पलीकडचं मंडळ नावाजलेलं होतं. गाव महिनाभर दुसरं काही बोलत नव्हतं. त्यानं पखवाजाला नवी डावी पुडी घालून आणली होती, आणि दोन अभंग मला वाजवायला देणार म्हणून कबूल केलं होतं. कबूल केलं म्हणजे काय, "बगू" म्हणाला होता. त्याच्याकडून ते खूप होतं.

आदल्या दिवशी दुपारी देवळात तालीम झाली. ती लांबली, आणि त्याला संध्याकाळची लाँच लावून घ्यायला धक्क्यावर पोचायचं होतं. रोज तालीम संपली की तो सदऱ्याच्या खिशातून एक शिंपी काढून माझ्या हातात द्यायचा. तिसऱ्या म्हणतात त्या खाडीतल्या शिंपल्यांची साधी शिंपी, वर्षानुवर्षं कणीक खरवडून कड गुळगुळीत झालेली. त्या दिवशी घाईत नुसतं म्हणाला, "कनीक काढ, पूस, खोळ घाल नि खुंटीला लाव." आणि गेला.

त्याच वेळी बाहेर माझ्या दोस्तांची शीळ ऐकू आली. अमावास्या दोन दिवसांवर होती, पाणी लांबवर ओसरलं होतं, आणि खाजणात चिंबोऱ्या बिळातून बाहेर आल्या होत्या. मला वाटलं, आलो की काढतो. पखवाजाला खोळ घातली, खुंटीला लावला आणि पळालो. सात चिंबोऱ्या मिळाल्या. आईनं कालवण केलं, मी पोटभर भात खाल्ला आणि झोपलो. कणीक मी काढली नव्हती. हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहितो आहे.

सकाळी देवळात आरडाओरडा ऐकू आला. खोळ कुरतडलेली आणि नव्या डाव्या पुडीला तीन बोटं आरपार जातील एवढं भोक. मंडळाची सगळी माणसं जमली होती, माझे वडीलही. तो पखवाज मांडीवर घेऊन बसला होता. त्यानं मला जवळ बोलावलं, आधी माझ्या हातांकडे पाहिलं आणि मग विचारलं,

"कनीक काढलीस का रं?"

"काढली," मी म्हणालो.

त्यानं सदऱ्याच्या खिशात हात घातला. मला वाटलं तंबाखूची डबी काढतोय. हात तिथेच राहिला. बाहेर काहीच आलं नाही.

वडील पुढे झाले. "पोराला चोरासारखा काय इचारतोस? सगळ्यांसमोर?"

"इचारलं फक्त."

"माजा पोरगा खोटा बोलत न्हाय. कनीक काढली तरी वास ऱ्हातो. उंदीर वासाला येतो."

तो माझ्या वडिलांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बरं."

दुपारी शेजारच्या गावातून मागून आणलेल्या पखवाजावर त्यानं बारी वाजवली. तो पखवाज आमच्या बुवांच्या सुराला लागेना. ते वर गेले की पखवाज खाली राहायचा. पलीकडच्या मंडळातली पोरं तोंडावर उपरणं धरून हसत होती. आम्ही हरलो, आणि पुढे कित्येक महिने आसपासच्या गावांत आमच्या मंडळाला उंदीरवालं मंडळ म्हणत होते. वडिलांनी मला बजावलं, त्या घरात पाऊल टाकायचं नाही. मला वाटलं, चार दिवसांत वडिलांचा राग उतरेल. उतरला नाही. आणि खरं सांगायचं तर मीही तो उतरायची वाट बघितली नाही. गेलो असतो तर त्या माणसाच्या नजरेसमोर बसावं लागलं असतं. रागवलेल्या बापाच्या आड लपणं सोपं होतं.

त्यानं माझ्यानंतर कुणाला शिकवलं नाही. लोक पोरं घेऊन जायचे, तर म्हणायचा, "एकदा उंदरांना जेवन घातलं, पुरे झालं." हे माझ्या कानावर यायचं, आणि मी चिडायचो. मनात म्हणायचो, एवढ्याशा गोष्टीसाठी गावातल्या पोरांचं नुकसान करतोय. नुकसान मी केलं होतं, पण हा हिशोब मी त्याच्या नावावर टाकत गेलो. ज्याचं आपण वाईट केलं त्याचाच राग येतो आणि तो वर्षानुवर्षं टिकतो, हे मला फार लवकर कळलं.

शिक्षण झालं, मुंबईला बंदराजवळ एका कचेरीत नोकरी लागली. सोमवारी सकाळच्या लाँचने भाऊच्या धक्क्याला जायचं आणि शनिवारी परत यायचं. म्हणजे आठवड्यातून दोनदा त्याच्या हातून तिकीट फाडून घ्यायचं. दुसरा रस्ता होता, पेणवरून, पण त्याला दुप्पट वेळ लागायचा. मांडव्याच्या बोटीला दुप्पट पैसे. त्याच्यासाठी मी वेळ घालवणार नाही आणि पैसेही, असं मी ठरवलं होतं. त्यामुळे दर सोमवारी आणि दर शनिवारी तो प्रश्न. मुंबईचे पर्यटक आमच्याकडे टकमक बघायचे. एका बाईंनी तर मला विचारलं होतं, इथे कणकेवर जकात आहे का म्हणून.

लग्न झाल्यावर बायकोला घेऊन पहिल्यांदा लाँचवर चढत होतो. तिच्या हातात हिरवा चुडा, माझ्या डोक्यावर ट्रंक. वाटलं, आज तरी गप्प बसेल. त्यानं तिच्याकडची दोन्ही तिकिटं फाडली, तिच्याकडे बघून मान तुकवली, "पाय जपून टाक गं बाय, फळी ओली हाय," म्हणाला. आणि माझ्याकडे वळून तळहात खरवडला. "कनीक काढलीस का रं?"

लाँच सुटल्यावर बायकोनं विचारलं, "कोण हो ते? कसली कणीक?"

"वेडा आहे," मी म्हणालो.

"वेडे वाटले नाहीत," ती म्हणाली. माझी बायको कमी बोलते, आणि बोलते ते लागतं.

मी नेहमीच मार खाल्ला असं नाही. एका लग्नात मांडवात पंचवीस माणसांत त्यानं विचारलं, तेव्हा माझा तोल गेला. मी म्हणालो, "तुमच्या पखवाजाला निदान उंदीर तरी लागले. माणूस कोणी लागलं का?" त्याचा चेहरा पडला, डोळे भरले, असं मी लिहिलं तर वाचायला बरं वाटेल. तसं काही झालं नाही. त्यानं पानाचा विडा तोंडात टाकला, सावकाश चावला आणि उठून गेला. पुढच्या सोमवारी पुन्हा तोच प्रश्न, त्याच आवाजात. त्या माणसाला अपमान झालेला कळतच नाही, असं मी सगळ्यांना सांगत सुटलो. मला मात्र माझं वाक्य दोन आठवडे झोपू देत नव्हतं, आणि त्याबद्दलही राग त्याचाच.

आणि हात काही सुखानं बसू देईनात. कचेरीतल्या टेबलावर, लाँचच्या कठड्यावर, मुलीला थोपटताना तिच्या पाठीवर, मी नकळत धुमाळी धरायचो. कुठे भजन कानावर आलं तर मी गाणं ऐकायचोच नाही, डावा हात ऐकायचो. इथे पोरगा घाबरला, इथे चुकवली. मला सगळं कळायचं. फक्त करता काही यायचं नाही.

चाळीस वर्षांचा झालो त्या वर्षी मी मुंबईतून एक पखवाज विकत घेतला. चादरीत गुंडाळून लाँचने आणला. चादरीत घातला तरी पखवाज लपत नाही. रेवसला उतरताना त्यानं गाठोडं बघितलं, हात पुढे केला, आणि चादरीवरूनच डाव्या अंगाला दोन बोटांनी एक थाप मारली.

"डावी पुडी खोटी हाय," तो म्हणाला. "फसवलं तुला."

"मी तुम्हाला विचारलं नाही."

"मी पन इचारलं न्हाय," तो म्हणाला, आणि दोर ओढायला गेला. त्या दिवशी त्यानं कणकेचं विचारलं नाही, हे मला घरी पोचल्यावर लक्षात आलं.

रविवारी दुपारी ओट्यावर बसलो. सगळे बोल तोंडात होते. तेराव्या वर्षी जसे ठेवले होते तसेच, एकही हरवलेला नव्हता. हातात मात्र एकही नव्हता. उजवा हात लाकडासारखा, आणि डावा तर परक्या माणसाचा. अकरा वर्षांच्या पोराला जे येत होतं ते मला येत नव्हतं, आणि ते पोर मीच होतो. मुलगी तोंड दाबून आत पळाली. तेवढ्यात तीन घरं पलीकडून त्याचा आवाज आला, "धा गिळलास!" जरा वेळानं पुन्हा, "ह्ये बैल चाललंय का धुमाळी?" अख्खी आळी हसत होती. आठ रविवार मी वाजवलं आणि आठ रविवार त्यानं चुका मोजल्या. नवव्या रविवारी मी पखवाजाला खोळ घातली आणि कपाटावर टाकला. तो अजून तिथेच आहे, त्याच्यावर हिवाळ्यातल्या रजया ठेवतो.

तेराव्या वर्षी सोडलं तेव्हा दोष द्यायला वडील होते, उंदीर होते, तो होता. चाळिसाव्या वर्षी सोडलं तेव्हा माझ्याशिवाय कुणी नव्हतं. तो शिव्या देत होता, पण ऐकत होता. प्रत्येक मात्रा ऐकत होता. मला तीन घरं चालून जायचं होतं आणि 'न्हाय काढली' म्हणायचं होतं. दोन शब्द. वडील जाऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती, म्हणजे तीही आड उरली नव्हती. रोज ठरवायचो. मग सोमवार उजाडायचा, तो तळहात खरवडायचा, आणि माझ्या तोंडातले शब्द पुन्हा घशात जायचे. अशा तोंडाळ माणसाला कशाला सांगा, म्हणून.

गेल्या माघात बायकोचा मुंबईला फोन आला. "तुमचे कणीकवाले गेले. सकाळी चहा पिता पिता." मी म्हणालो, "बरं." त्या शनिवारी मी गावाला गेलो नाही, काम आहे म्हणून सांगितलं. त्याच्या पुढच्या शनिवारी गेलो, कारण रविवारी तेरावं होतं आणि शेजारधर्म कुणाला चुकत नाही. पण गेलो तो एसटीनं, पेणवरून. दुप्पट वेळ लागला.

त्याच्या अंगणात दुपारी भजन होतं. आमच्या मंडळात आता पखवाज वाजवणारं कुणी नाही, पोरं बटणं असलेल्या पेटीवर ठेका लावतात. म्हणून चौलकडचं मंडळ बोलावलं होतं. त्यांची पखवाजी म्हणजे कॉलेजात जाणारी एक मुलगी. त्याच्या बायकोनं, म्हणजे काकीनं, हट्ट धरला होता की वाजवायचा तर नवऱ्याचाच पखवाज. मी कडेला खुर्चीवर बसलो होतो. काकी पिठाची परात घेऊन माझ्यापुढे उभी राहिली.

"मला आता वाजवता येत नाही, काकी," मी घाईनं म्हणालो.

"वाजवायला कोन बोललाय तुला? तुला येत न्हाय ते अख्ख्या आळीनं ऐकलंय. कनीक मळ."

मी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या आणि मळायला बसलो. पाणी किती, पीठ किती, हे हातांना माहीत होतं. मळून झाल्यावर माझा हात आपोआप कानाच्या पाळीकडे गेला. मुलीनं कणीक डाव्या पुडीवर थापली, एक थाप मारली, आणि आवाज अंगणभर घुमला. तिनं मान वर करून विचारलं, "कोणी मळली? अगदी जमलीय." कुणीतरी माझ्याकडे बोट केलं.

"तुम्ही वाजवता का, काका?"

"नाही," मी म्हणालो.

ती चांगली वाजवत होती. दोन तास मी तिच्या डाव्या हातावरून नजर हलवली नाही. मला तिचा हेवा वाटला. पन्नाशीला आलेल्या माणसाला अठरा वर्षांच्या पोरीचा वाटावा तसा नव्हे, तर बरोबरीच्याचा वाटावा तसा, कडू.

भजन संपलं, पानं मांडली, सगळे जेवायला गेले. ती मुलगी हात धुवायला गेली. पखवाज सतरंजीवर एकटा पडला होता, कणकेसकट. मी तिथेच घुटमळत राहिलो. काकी घरातून आली आणि माझ्या हातात काहीतरी ठेवलं. तिसऱ्याची शिंपी होती, कड गुळगुळीत झालेली.

"काढ," ती म्हणाली. "त्या दिवशी ही त्यांच्या खिशातच ऱ्हायली होती."

"कोणत्या दिवशी?"

"आता येड घेऊन पेडगावला जातोस? बारीच्या आदल्या दिवशी. धक्क्यावर खिशात हात गेला नि गावली. लाँच लागली होती, येता आलं न्हाय. मना बोलले, पोरगा नखांनी काढंल. सकाळी तुजी नखं बगितली, तर खाजणाच्या चिखलानं काळी. कनकेचा कन न्हाय."

मला खिशातला तो हात आठवला. बाहेर काहीच न काढलेला.

"मग तेव्हाच का नाही दाखवली? सगळ्यांसमोर?"

"तुजा बापूस हुबा होता ना तिथं. पोराची बाजू घेऊन. दोस्ताची मान कशी खाली घालायची?"

"आणि मग चौतीस वर्षं मला विचारत का राहिले?"

"तू न्हाय बोलशील म्हनून," काकी म्हणाली. तिच्या आवाजात माया वगैरे नव्हती, ती माझ्यावर चिडलेली होती. "बोलला असतास तर दुसऱ्या दिवशी बसवला असता तुला. दर सोमवारी घरी येऊन मना सांगायचे, आज पन खरं बोलला न्हाय. आता नीट काढ. उंदीर अजून हायत घरात." एवढं बोलून ती वाढायला गेली.

मी खाली बसलो आणि कणीक काढू लागलो. मला रडू आलं नाही. संताप आला. सांगायचं होतं ना एकदा तरी. एवढी शिंपी खिशात घेऊन फिरत होता, एकदा हातावर ठेवायची होती. चारचौघांत तळहात खरवडून दाखवणाऱ्या माणसाला कसं काय कळलं नाही की असं विचारलं तर कोणी खरं बोलत नाही? त्यानं माझ्या बापाची लाज राखली, आणि माझी मात्र दर आठवड्याला दोनदा काढली. तो हटवादी होता, आणि मी त्याच्याहून हटवादी. दोघांच्या हट्टात माझे हात गेले. त्याचं काय गेलं, ते मला तोपर्यंत कधी सुचलंच नव्हतं. त्याचा एकुलता एक शिकाऊ गेला होता.

मी सगळी कणीक काढली. कडेची, वादीखाली शिरलेली, सगळी. ओलं फडकं मागून आणलं, दोनदा पुसलं, पुडीवर हात फिरवून बघितला. खोळ घातली, आत नेऊन खुंटीला लावला. वाटेत त्याचा हार घातलेला फोटो होता. मी तिथे थांबलो, उगाच. मग जेवायला गेलो. पंगतीत कुणी काही विचारलं नाही.

सोमवारी सकाळी रेवसच्या धक्क्यावर गेलो. तिकिटं फाडायला नवीन माणूस होता, कानात वायरी घातलेला. शिंपी माझ्या सदऱ्याच्या खिशात होती, काकीला परत द्यायची राहून गेली होती. माझी पाळी आली. मी तिकीट पुढे केलं. त्यानं खाली बघतच ते फाडलं आणि अर्धं परत दिलं. मी हात तसाच पुढे धरून उभा राहिलो, नखं वर करून. नखांत कालची कणीक होती, पांढरी, वाळलेली.

"काय पायजे, काका?" तो म्हणाला.

"काही नाही," मी म्हणालो.

मागचा माणूस खोळंबला होता. मी फळीवर पाय ठेवला.